पंचाहत्तरच्या आत

ताईने घड्याळ काढलं, कानातलं काढलं, केसांतल्या तीन पिना टेबलावर ठेवल्या आणि ती काट्यावर चढली. चष्मा तेवढा ठेवला. तो काढला असता तर आकडा दिसला नसता. आकडा जरा पुढे गेला, मागे आला आणि ऐंशी पूर्णांक आठवर थांबला.

"ऐंशी आठ," समन्वयक बाई म्हणाल्या आणि त्यांनी ते कागदावर लिहिलं. "मागच्या सोमवारी ऐंशी पाच होतं."

"हो."

"म्हणजे वाढलं."

"वाढलं," ताई म्हणाली आणि पिना पुन्हा केसांत खोचू लागली.

रुग्णालयात अवयव देणारे आणि घेणारे यांची सगळी जुळवाजुळव करणं हे या बाईंचं काम. ताईच्या धाकट्या भावाची दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली होती. त्याच्या बायकोचा रक्तगट जुळत नव्हता. आईला साखरेचा आजार, म्हणून आईही बाद. ताईचं रक्त जुळलं, पुढच्या सगळ्या तपासण्या जुळल्या. तुमची मनापासून तयारी आहे ना, असं रुग्णालयाने तिला छापील कागदावर तीन वेळा विचारलं. घरात एकदाही कुणी विचारलं नाही, कारण ती मोठी बहीण होती. आडवं आलं ते वजन. पंचाहत्तरच्या आत आल्याशिवाय शस्त्रक्रिया नाही, असं सर्जननी पहिल्याच दिवशी निक्षून सांगितलं होतं.

"रागावू नका, पण मला विचारावं लागतं," बाई म्हणाल्या. "मधल्या वेळेत काही खाणं होतं का? चोरून असं म्हणत नाही मी."

"म्हणताय की."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"दोनदाच खाते मी," ताई म्हणाली. "सकाळी अकराला आणि संध्याकाळी साडेसहाला. आई करून देते. बिनतेलाचं."

"मग वेळा बदलून बघा. काहींना दोनदा मानवत नाही. महिनाअखेर समितीची बैठक आहे. तोवर निदान तीन किलो उतरले तरी मी तुमच्यासाठी शब्द टाकीन. नाहीतर तुमच्या भावाचं नाव मृत दात्यांसाठीच्या सामायिक यादीत घालावं लागेल. आणि ती यादी चार वर्षांची आहे."

चार वर्षं भावाजवळ नव्हती. त्याच्या हातातल्या शिरा दगा देऊ लागल्या होत्या. सुई टोचायला आता जागा शोधावी लागायची आणि डायलिसिसच्या मशीनवरून उठला की तासभर त्याला धड उभं राहता येत नसे. हे समन्वयक बाईंनाही ठाऊक होतं, म्हणून त्या खिडकीबाहेर बघू लागल्या.

पलीकडच्या खोलीत तो मशीनला लावलेलाच होता. दिवसाला एक लिटर पाणी, त्यातच चहा, त्यातच औषधं गिळायची. त्याने एका बाटलीवर पेनने रेघा मारून घेतल्या होत्या आणि प्रत्येक घोटानंतर तो बाटली डोळ्यांसमोर धरून बघायचा.

"किती?" त्याने विचारलं.

"ऐंशी."

"ऐंशी आठ," त्याची बायको म्हणाली. ती कोपऱ्यात टॉवेलच्या घड्या घालत होती. "मी बाईंना विचारून आले."

भाऊ हसला. आजारी माणसाचं हसू होतं ते, फक्त ओठांचं. "उतरेल गं. ताईने मनावर घेतलं की होतंच."

भावजय ताईच्या मागोमाग बाहेर आली. व्हरांड्यात फरशी पुसणाऱ्या बाईला पुढे जाऊ दिलं आणि मग हळू आवाजात म्हणाली, "ताई, किडनी द्यायची नसेल तर सरळ सांगा. आम्ही वाईट वाटून घेणार नाही."

"घ्याल," ताई म्हणाली.

"हो, घेऊ. पण निदान दुसरीकडे बघायला लागू."

ताईच्या तोंडावर बरंच काही आलं होतं. ती ते गिळून जिना उतरली.

खरं सांगायचं तर तिने यात कसूर ठेवली नव्हती. नऊ आठवड्यांपूर्वी वजन चौऱ्याऐंशी होतं, आणि दिवसातून किती वेळा खायचं यावरून घरादाराने काथ्याकूट केला होता. भावजयीने मोबाइलवर कुणाचं तरी व्याख्यान ऐकलं होतं. ती म्हणाली, एकदाच, दुपारी, आणि मग दुसऱ्या दुपारपर्यंत पाणी. ताईच्या कामावरचा रखवालदार म्हणाला, छे, पाचदा, पण मूठ-मूठ. त्याच्या मेहुण्याने असेच वीस किलो घालवले होते, पुढे ते व्याजासकट परत आले ही गोष्ट वेगळी. रुग्णालयाची आहारतज्ज्ञ मुलगी शहाणी निघाली. ती म्हणाली, "किती वेळा ते तुमचं तुम्ही ठरवा. दोनदा खा, चारदा खा. दिवसभराचं मिळून जे पोटात जातं, त्यावर सगळं आहे." हे वाक्य सगळ्यांनी ऐकलं आणि पुन्हा किती वेळा याच्यावर वाद घालायला बसले.

पहिले तीन आठवडे ताईने आपल्या हाताने शिजवून तीनदा खाल्लं आणि साडेतीन किलो उतरवले. मग आई राहायला आली. "कामावरून दमून येतेस, वर चुलीपुढे उभी राहतेस. मी करते तुझं," आई म्हणाली. "पण दोनदाच. तीन-तीनदा पातेली चढवायची माझ्यात ताकद नाही." ताईला ते पटलं. दोनदा म्हणजे तीनपेक्षा कमीच की. आईचं जेवण पोटाला धरूनही राहायचं. अकराला खाल्लं की साडेसहापर्यंत भूक म्हणून लागायची नाही. हे ती कौतुकाने चार जणांना सांगायची. आणि त्या दिवसापासून आकडा ऐंशीवर जो अडून बसला तो बसलाच.

आईने तिच्यासाठी असं येऊन राहावं, याचंच तिला पहिले काही दिवस नवल वाटत होतं. आईचा जीव कायम धाकट्यात. खिडकीची खोली त्याला, कॉलेज त्याला, आणि वडील गेल्यावर नोकरीला लागली ती ताई. याबद्दल तिने कधी तोंड उघडलं नाही, पण विसरलीही नाही. म्हणूनच तिला वाटलं, आई आलीय ती आपल्यासाठी नाही. भरलेल्या गाडीतला माल उतरवून घ्यायला आलीय.

हा विचार तिच्या धंद्याला धरून होता. शहराच्या कडेला, खाणीच्या रस्त्यावर, ट्रकांचा वजनकाटा होता आणि त्यावर ती सत्तावीस वर्षं बसत होती. रिकामा ट्रक आधी तोलायचा, भरून आला की पुन्हा तोलायचा, वजाबाकी म्हणजे माल. वाचायला सोपं आहे. पण रिकामा ट्रक जड दाखवायला लोक सीटखाली दगड ठेवतात, टाकीत पाणी भरतात, एखादा माणूस ताडपत्रीखाली झोपवतात. ताई हे काचेमागून नुसत्या इंजिनाच्या आवाजावरून ओळखायची. ड्रायव्हर लोक तिला काटेवाली बाई म्हणायचे आणि तिच्यापुढे हुशारी करायच्या भानगडीत पडायचे नाहीत.

मंगळवारी ती घरातला वजनकाटा पिशवीत घालून कामावर घेऊन गेली. तपासणीसाठी तिथे वीस-वीस किलोंची शिक्क्याची वजनं होती. रखवालदाराने एकेक उचलून काट्यावर ठेवलं. वीस. चाळीस. साठ. ऐंशी. काटा केसभर चुकला नाही.

"काटा चोख आहे, बाई," रखवालदार म्हणाला. "मी सांगतो ना, दोनदाने शरीर घाबरतं. पाचदा करा."

"गप्प बसा हो."

"बरं, एकदा करा."

ती दिवसभर त्यावरच विचार करत राहिली. एकदाच खाल्लं तर? काल रात्री तिने आईला तेच विचारलं होतं, आणि आई एकदम चिडली होती. "काट्यावर चक्कर येऊन पडशील. दोनदा म्हणजे दोनदा." एरवी आई तिच्यावर चिडत नसे, चिडण्याइतकं लक्ष तिने कधी दिलंच नव्हतं.

बुधवारी पावणेचारला खाणीकडची वीज गेली. काटा विजेवर चालणारा. ट्रक रस्त्याच्या कडेला ओळीने उभे राहिले आणि ड्रायव्हर सावलीत जाऊन झोपले. सात वाजेपर्यंत काही येत नाही, असा निरोप आला. ताईने खोलीला कुलूप लावलं आणि ती घरी निघाली. दार तिने आपल्या किल्लीने उघडलं. आई दुपारची झोपलेली असेल म्हणून चपला हातात घेऊन ती आत आली.

आई झोपली नव्हती. ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. मोबाइल भिंतीला टेकवून ठेवला होता आणि त्यातून भावाचा आवाज येत होता.

"...सोमवारी पण आकडा ऐंशीच, आई."

"उतरेल रे बाळा," आई म्हणाली. तिने सूपच्या पातेल्यावरचं झाकण काढलं. "मी आहे ना इथे. तेलाचा थेंब पडू देत नाही मी."

तिने ओट्याखालून आपली कपड्यांची पिशवी ओढली. त्यातल्या शालीच्या घडीतून एक डबा काढला. डब्यात दुधाची पावडर होती. आईने चमचा भरला, त्याच्यावरचा शेंडा बोटाने सारखा केला, चमचा पातेल्यात रिकामा केला. मग दुसरा. असे सहा.

"आणि पाणी जपून पी," ती म्हणाली. "तोंड फार कोरडं पडलं तर बर्फाचा खडा चोखायचा. घोटापेक्षा तो बरा, जास्त वेळ पुरतो."

"हो गं."

"डॉक्टरांनी सांगितलं म्हणून नाही, मी सांगते म्हणून."

तिने लोण्याचा गोळा सोडला. तो विरघळेपर्यंत ढवळत राहिली, सगळं मिक्सरमधून काढलं, त्या आवाजात भाऊ काहीतरी बोलला ते दोघींनाही ऐकू आलं नाही. मग सूप गाळून पुन्हा पातेल्यात ओतलं आणि वर तरंगलेली पिवळी झाक ती चमच्याच्या पाठीने मोडत बसली. चव बघितली. अर्धं लिंबू पिळलं. पुन्हा चव बघितली.

"आई, ती खरंच दोनदाच खाते ना?" भावाने विचारलं. "हिला शंका येते. मला नाही."

आईने डोळे मिटले. चमचा तिच्या हातात तसाच राहिला. "शप्पथ घेऊन सांगते," ती म्हणाली. "दोनदाच खाते माझी पोर."

ताई आली तशी मागे वळली. दार तिने इतक्या हळू ओढलं की कुलपाचा आवाजही झाला नाही. एक मजला खाली उतरून ती जिन्याच्या पायरीवर बसली.

आधी तिला राग आला. आपल्याला कोणी विचारलं? सहा आठवडे ती त्या काट्यावर चढून मान खाली घालून उतरत होती, भावजयीचे टोमणे ऐकत होती, आणि आई घरात बसून शालीच्या घडीतून तिला चमच्या-चमच्याने भरत होती. पाच मिनिटं ती या रागातच बसली. मग तो राग पुरेना. आईने दोन पोरांतलं एक निवडलं होतं आणि निवडलेली ती होती. पन्नाशीला आलेल्या बाईला या गोष्टीचा आनंद व्हावा, याची तिला लाज वाटली. पण आनंद झाला. पोटातून झाला, आणि वर मोबाइलमधून येणारा भावाचा आवाज मात्र कानातून जाईना. तो लहान असताना ती त्याला कडेवर घेऊन शेजारच्या बायकांच्या घोळक्यातून मिरवायची, हे तिला नको असताना आठवलं.

आणि तिला भीती वाटत होती. सही केल्यापासून वाटत होती. अंघोळ करताना तिचा हात आपोआप डाव्या कुशीवर जायचा, तिथे कापणार म्हणून. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. आईलाही नाही. मग आईला कळलं कसं?

वरच्या मजल्यावरची बाई भाजी घेऊन आली. "किल्ली विसरलात का?" तिने विचारलं.

"नाही," ताई म्हणाली. "जरा बसलेय."

साडेसहाला तिने दाराची घंटी वाजवली. आईने दार उघडलं, तिच्या हातातली पिशवी घेतली, पावाचे दोन पातळ काप भाजून ताटलीत ठेवले आणि सूपची मोठी वाटी भरून पुढ्यात आणली. वाटीतून वाफ येत होती. आई नेहमीसारखी समोर बसली. ती स्वतः नंतर जेवायची.

"दमलीस?"

"नाही. आज दुपारनंतर काम नव्हतंच. वीज गेली होती."

"कधी?"

"पावणेचारला."

आईने ओट्यावरचं फडकं ओढून घेतलं आणि टेबल पुसायला लागली. टेबल कोरडं होतं. ती एकाच जागेवरून फडकं फिरवत राहिली.

"मग इतका वेळ कुठे होतीस?"

"इथेच. जिन्यात."

फडकं थांबलं. आई तिच्याकडे बघत नव्हती आणि तीही आईकडे बघत नव्हती. दोघींच्या मध्ये सूपची वाटी होती. काही बोलायचं असतं तर आत्ता बोलायचं होतं. एक शब्द पुरला असता. आईने तो डबा काढून टेबलावर आपटला असता, रडली असती, भांडली असती, आणि उद्यापासून ताईने आपलं आपण शिजवलं असतं. महिनाअखेरीला अठरा दिवस होते. अठरा दिवसांत तीन किलो ती उतरवू शकली असती. तिने आधी उतरवले होते.

फोन वाजला. भावाचा होता. तो रोज या वेळेला करायचा. ताईने उचलला.

"जेवलीस?"

"बसलेय आता."

"आज किती वेळा?"

"सकाळी एकदा. आत्ता एकदा," ताई म्हणाली. "दोनदाच."

"मी हिला तेच सांगत होतो. तू तिचं मनाला लावून घेऊ नकोस, ताई. ती घाबरलीय. मीच घाबरलोय, तर तिचं काय." मग म्हणाला, "मी आज लिटरच्याही खाली राहिलो. नऊशे. शंभर वाचवले."

शाळेतून पैकीच्या पैकी घेऊन यायचा तेव्हा याच आवाजात सांगायचा.

"शाब्बास," ताई म्हणाली.

"तूही उतर गं. जमेल तुला."

"हो."

तिने फोन पालथा ठेवला. सूप निवलं होतं आणि त्यावर पातळ पापुद्रा धरला होता. ताईने चमच्याने तो बाजूला सारला आणि खायला सुरुवात केली. घाईने नाही, चमच्यामागून चमचा, मध्ये पावाचा तुकडा मोडत. आई फडकं मुठीत धरून बघत राहिली.  वाटीच्या तळाला राहिलेलं ताईने पावाने पुसून घेतलं आणि वाटी पुढे सरकवली.

आई उठली. वाटी उचलताना तिचा हात ताईच्या खांद्याला लागला आणि तिथेच राहिला.

"उद्या काय करू?" तिने विचारलं.

"हेच कर," ताई म्हणाली.